१८ युरो ३६ सेंट आणि कुणी न बघितलेला पिक्चर

माझा एक मावसभाऊ बरीच वर्षं स्टुटगार्टला आहे. फोन झाला की आधी हवामान, मग मावशीची शुगर, आणि तिसरा विषय ठरलेला, तिथल्या टीव्हीचा भुर्दंड. म्हणजे जर्मनीत तुमच्या घरात टीव्ही असो नाहीतर नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट भरायचे म्हणजे भरायचेच, ते एआरडी, झेडडीएफ हे सार्वजनिक चॅनल आणि सार्वजनिक रेडिओ यांना जातात, आणि नाही भरले तर पत्रांवर पत्रं येतात. "आणि त्या पैशातून काय करतात माहितीये का," तो म्हणाला, "रात्री बाराच्या पुढे असले पिक्चर लावतात ज्यात एक बाई खिडकीतून बाहेर बघते, आणि दीड तासाने उठून बघावं तर अजून बघतेच आहे." मी पण हसलो. मग फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हा ज्या बाईची चेष्टा करतोय तिच्यासाठी मी इथे पुण्यात बसून शोधशोधून पिक्चर बघतो आणि ते पैसे माझ्या खिशातून जात नाहीत, त्याच्या जातात.

तर हे त्याला उत्तर. फोनवर देता आलं नाही म्हणून इथे.

माझं म्हणणं साधं आहे. जर्मन सिनेमाचा आज जो भाग खरंच बघण्यासारखा आहे तो या जबरदस्तीच्या पैशावरच उभा आहे, आणि तो पैसा जायलाच पाहिजे. पण तो ज्या पद्धतीने वाटला जातो ती पद्धत त्याच सिनेमाचा गळा पण आवळते, त्यामुळे भांडायचं असेल तर पैसे किती यावर भांडू नका, ठरवतं कोण यावर भांडा.

आधी आपण जर्मन सिनेमा म्हणून काय बघतो ते बघू. आजवर परदेशी भाषेतल्या पिक्चरचं ऑस्कर जर्मनीला चारदा मिळालं. १९७९ चा 'द टिन ड्रम', नाझी काळातलं डान्झिग शहर. मग कॅरोलीन लिंकचा 'नोव्हेअर इन आफ्रिका', नाझींपासून केनियात पळालेलं ज्यू कुटुंब. मग 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स', पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस. आणि २०२३ मध्ये एडवर्ड बर्गरचा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', पहिलं महायुद्ध, त्याला तर एकूण चार ऑस्कर एका रात्रीत. चार बक्षिसं, चारही इतिहासाची, आणि त्यातही इतिहासातल्या एकाच कोपऱ्याची जिथे युनिफॉर्म असतो. पिक्चर वाईट आहेत असं अजिबात म्हणत नाही, 'लाइव्ह्ज ऑफ अदर्स' मी तीनदा बघितलाय आणि शेवटच्या पुस्तकाच्या दुकानातल्या सीनला तिन्ही वेळा डोळे भरून आलेत. पण जगाने जर्मनीला एकच रोल दिलाय, पश्चात्ताप करणाऱ्याचा, आणि तो रोल केला की बक्षीस. आपल्याकडे विनोदी नटाला एकदा रडवलं की पुरस्कार देतात ना, त्याच्या बरोब्बर उलटं.

आता गंमत बघा. त्याच २०२३ साली जर्मनीचे स्वतःचे राष्ट्रीय पुरस्कार झाले, लोला म्हणतात त्यांना, आणि तिथे सर्वोत्तम चित्रपटाची सुवर्ण लोला 'ऑल क्वाएट'ला मिळालीच नाही, त्याला रौप्य. म्हणजे कॅमेरा वगैरे धरून आठ पुरस्कार त्याने नेले, पण सोनं गेलं इल्कर चाताकच्या 'द टीचर्स लाउंज'ला. चार ऑस्करवाला पिक्चर दुसरा आणि शाळेच्या स्टाफरूमचा पिक्चर पहिला. मला हे ऐकून फार बरं वाटलं होतं.

कारण हा पिक्चर ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो. एक शाळा आहे, कॅमेरा त्या शाळेच्या बाहेर जवळपास जातच नाही, पडदा पण जुन्या टीव्हीसारखा चौकोनी ठेवलाय त्यामुळे भिंती अजून जवळ वाटतात. शाळेत चोऱ्या होतायत. मुख्याध्यापिका आणि दोन शिक्षक वर्गात येतात, मुलींना बाहेर पाठवतात आणि मुलांना सांगतात, पाकिटं बाकावर ठेवा, सक्ती नाही हं, पण ज्याच्या मनात काही नाही त्याला घाबरायचं काय कारण. (हे वाक्य कुठल्या देशात म्हणत नाहीत ते सांगा मला.) अली नावाच्या पोराच्या पाकिटात जास्त पैसे सापडतात, आईवडिलांना बोलावलं जातं, पैसे आम्हीच दिले होते असं ते सांगतात, विषय संपतो पण संपत नाही. मग नवीन बाई, कार्ला नोवाक, गणित आणि पीटी शिकवणाऱ्या, स्वतःच एक शहाणपणा करतात. स्टाफरूममध्ये खुर्चीवर जाकीट ठेवतात, जाकिटात पाकीट, आणि लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून निघून जातात. परत येऊन बघतात तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त एक बाही दिसते. चेहरा नाही, हात पण धड नाही, डिझाइनवाल्या ब्लाउजची बाही. आणि तोच ब्लाउज घालून ऑफिसातल्या कून बाई समोर बसलेल्या असतात, आणि त्या कून बाईंचा मुलगा ऑस्कर कार्लाच्याच वर्गात, गणितात सगळ्यात हुशार.

बस. एवढंच. इथून पुढे सगळं कोसळत जातं आणि एकही माणूस वाईट नाही. यात पाळत आहे, पुरावा म्हणजे काय हा प्रश्न आहे, परक्या आडनावावर आधी संशय कसा जातो ते आहे, आपण चांगले आहोत या खात्रीने माणूस किती नुकसान करू शकतो ते आहे. कार्ला स्वतः पोलिश घरातली, आणि एक सहकारी तिच्याशी पोलिशमध्ये बोलायला लागतो तेव्हा ती त्याला म्हणते, इथे जर्मनमध्येच बोलू या. ती एक ओळ येते आणि जाते, कुणी त्यावर भाषण देत नाही. 'लाइव्ह्ज ऑफ अदर्स'मध्ये गुप्त पोलिसांची पाळत होती, इथे एका भल्या शिक्षिकेचा लॅपटॉप आहे, आणि माझ्या मते दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे, आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सीसीटीव्हीचे स्क्रीनशॉट कसे फिरतात ते आठवा.

यालाही ऑस्करचं नामांकन मिळालं, २०२४ ला. आणि त्या वर्षी काय काय झालं ते जरा मांडतो. जर्मनीकडून गेला बर्लिनमध्ये तुर्की आईबापांच्या पोटी जन्मलेल्या चाताकचा पिक्चर. जपानकडून गेला 'परफेक्ट डेज', त्याचा दिग्दर्शक विम वेंडर्स, पक्का जर्मन. आणि जिंकला कोण, तर ब्रिटनकडून गेलेला 'द झोन ऑफ इंटरेस्ट', जो जवळपास पूर्ण जर्मन भाषेत आहे, त्यात जर्मन नटी सांड्रा ह्यूलर, आणि विषय परत नाझींची आउशविट्झ छळछावणी. म्हणजे जर्मन भाषा जिंकली, पण युनिफॉर्म घालूनच. वर नामांकनं आल्यावर तिथल्या काही बातम्यांच्या मथळ्यांत वेंडर्स आणि ह्यूलर ही नावं आणि चाताकचं नाव गायब, त्यावर त्याने उघडपणे नाराजी बोलून दाखवली. वर्गातल्या अलीची गोष्ट केलेल्या माणसाबरोबर हे व्हावं, यापेक्षा चांगली जाहिरात त्या पिक्चरला मिळाली नसती. पुढच्या वर्षी तर जर्मनीने पाठवलेला पिक्चर फारसीत होता, इराणमधून पळून आलेल्या मोहम्मद रसूलोफचा.

इतिहासाचे पिक्चर काढूच नयेत असं कोणी म्हणत नाहीये. कसे काढायचे ते जर्मन दिग्दर्शक क्रिस्टियान पेट्झोल्डकडून शिकावं. 'ट्रान्झिट' हा त्याचा २०१८ चा. आना झेगर्सची १९४४ ची कादंबरी, नाझींपासून पळून फ्रान्सच्या मार्सेय बंदरात अडकलेले लोक, जहाजाचं तिकीट आणि व्हिसा मिळवायला या कॉन्सुलेटातून त्या कॉन्सुलेटात चकरा मारणारे. दुसरा कोणी असता तर जुन्या गाड्या, फेल्ट हॅट, लाल झेंडे आणले असते आणि अर्धं बजेट त्यातच गेलं असतं. पेट्झोल्डने काही बदललंच नाही. आजचं मार्सेय, आजच्या गाड्या, आजचे दंगलविरोधी पोलीस, आणि गोष्ट १९४० ची. पहिली दहा मिनिटं डोकं गरगरतं की हे नक्की कधीचं चाललंय, आणि मग कळतं की हेच त्याला पाहिजे होतं. ते पळून चाललेले लोक आणि आज त्याच समुद्रातून येणारे लोक यांच्यात तुम्हाला भिंतच घालता येत नाही. जुना पोशाख घातला की इतिहास लांब जातो, आपण सुटलो असं वाटतं. हा माणूस तेवढी सूट देत नाही.

पेट्झोल्डचे बरेचसे पिक्चर हारून फारोकी या फिल्ममेकरबरोबर लिहिलेले, २०१४ ला फारोकी गेला तोपर्यंत. फारोकीचे वडील भारतीय डॉक्टर, आणि त्याच्या लहानपणातली काही वर्षं भारतात गेलेली, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं म्हणून जाता जाता सांगितलं.

असो. पैशाकडे येतो, कारण मावसभावाचा मुद्दा पैशाचा होता.

१९६२ साली ओबरहाउझेन नावाच्या शहरात २६ जणांनी एका जाहीरनाम्यावर सह्या करून सांगितलं की जुना सिनेमा मेला, आता आम्ही नवा करणार, आणि त्यासाठी आम्हाला धंद्याच्या दबावापासून मोकळीक पाहिजे. त्यातून हळूहळू सरकारी मदतीची व्यवस्था उभी राहिली, १९६८ पासून बर्लिनला एक केंद्रीय संस्था आहे जी थिएटरवाले, टीव्हीवाले, आता स्ट्रीमिंगवाले यांच्याकडून कमाईवर पट्टी घेते आणि नव्या पिक्चरला देते. शिवाय प्रत्येक मोठ्या राज्याचा वेगळा फंड, बव्हेरियाचा वेगळा, नॉर्थ ऱ्हाइनचा वेगळा, बर्लिनचा वेगळा. शिवाय त्या फीच्या पैशावरचे टीव्ही चॅनल. एक मध्यम बजेटचा पिक्चर काढायला निर्मात्याला चार-पाच दारं वाजवावी लागतात, आणि पिक्चर सुरू झाला की आधी पडद्यावर लोगो, लोगो, लोगो. आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो लावावेच लागतात, एक राहिला तर रुसतो, तसंच.

आणि रुसणं नुसतं फोटोपुरतं नसतं. राज्याच्या फंडाची अट असते की दिलेला पैसा, बऱ्याचदा त्याहून जास्त, आमच्याच राज्यात खर्च करा. म्हणून गोष्ट एका शहरात घडते आणि आतल्या खोल्या पाचशे किलोमीटर लांब दुसऱ्या राज्यात शूट होतात, युनिट बसने फिरत राहतं. ते पण चालेल एक वेळ. खरं दुखणं पुढे आहे. प्रत्येक दारामागे एक समिती, चॅनलमध्ये एक संपादक, आणि प्रत्येकजण स्क्रिप्ट वाचून एक सूचना करतो. ही अशी का वागते ते जरा स्पष्ट करा ना. शेवटी थोडी आशा दाखवता येईल का. आजीचं पात्र जरा प्रेमळ करा. एकेक सूचना घेतली तर कुणाचीच चूक नाही, सगळ्या मिळून घेतल्या की तो पिक्चर होतो जो जर्मन टीव्हीवर दर आठवड्याला असतो, एक सामाजिक प्रश्न, त्याच्या दोन्ही बाजू, आणि सगळं मोठ्याने बोलून दाखवणारी माणसं. रविवारी रात्री सव्वाआठला 'टाटोर्ट' लागतं, १९७० पासून चालू आहे, दर शहराचे वेगळे इन्स्पेक्टर, एक खून आणि एक प्रश्न. माझ्या मावसभावाला ते आवडतं! त्याच १८ युरोतलं आहे बरं का ते, पण त्याची तक्रार नसते.

यावर लोक म्हणतात, मग बाजारावर सोडा. बाजाराचं सांगतो. जर्मनीत धो धो चाललेले जर्मन पिक्चर कुठले, तर २००१ चा 'मानिटू', रेड इंडियन पिक्चरांची टिंगल, एक कोटीहून जास्त तिकिटं. २०१३ चा 'फाक यू गोथे', शाळेवरची फुल टाइमपास कॉमेडी, ७० लाखांवर तिकिटं. मजा येते, गोथेवाला तर मला सबटायटल्स लावूनही हसवून गेला. पण यातलं काही जर्मन बोलणाऱ्या देशांच्या बाहेर फारसं कोणी बघत नाही आणि हे निघायला कोणाच्या दयेची गरज पण नाही. वर यांना मदत मिळत नाही असंही नाही, तिकडे पिक्चर चालला की तिकिटांच्या हिशोबाने पुढच्या पिक्चरसाठी आपोआप रक्कम जमा होते. म्हणजे बाजारवाल्यांना बाजार पण आहे आणि मदत पण. बाजारावर सोडलं की मरणार तो बाहीवाला पिक्चर.

आणि आता ज्याची चेष्टा झाली त्या रात्री बाराच्या स्लॉटचं. झेडडीएफमध्ये एक छोटा विभाग आहे, नावच 'छोटं टीव्ही नाटक' अशा अर्थाचं, साठच्या दशकापासून आहे, काम एकच, नव्या दिग्दर्शकांचे पहिले-दुसरे पिक्चर. लागतात ते मध्यरात्री, कोणी बघत नाही, खरं आहे. पण नोरा फिंगशाइटचा 'सिस्टिम क्रॅशर' तिथलाच, नऊ वर्षांची बेनी, जिला कुठलंच बालगृह ठेवून घेत नाही, आणि ती पोरगी अशी किंचाळते की घरी आवाज कमी करावा लागतो. माशा शिलिन्स्कीचा 'साउंड ऑफ फॉलिंग' तिथलाच, जर्मनीच्या आल्टमार्क भागातल्या एका शेतघरात शंभर वर्षांतल्या चार पिढ्यांच्या मुली, २०२५ ला फ्रान्सच्या कान महोत्सवात ज्युरी प्राइझ घेऊन आला. तो दुसरा पिक्चर होता बाईंचा. दुसरा! असल्या माणसाला कुठला फायनान्सर पैसे देणार होता, आणि काय सांगून मागायचे, "गोष्ट अशी नाहीये, एक घर आहे आणि त्यात मुली आहेत"?

माझा मुद्दा हाच की त्या छोट्या विभागात पैसे कमी असतात म्हणून डोकीपण कमी असतात, एखादा संपादक एखाद्या मुलीवर विश्वास ठेवतो आणि बाजूला होतो. मोठ्या पैशात समिती येते. म्हणून मला विचाराल तर फंडांनी दर वर्षी त्यांच्या रकमेतला एक हिस्सा असा ठेवावा जो एकच माणूस देईल, त्याचं नाव जाहीर असेल, दोन वर्षांनी तो बदलेल, आणि चुकला तर शिव्या त्याला. समितीला शिवी देता येत नाही हाच तर समितीचा फायदा आहे. वशिलेबाजी होईल? होईल थोडी. समितीत होत नाही का? आपल्याकडे मराठी पिक्चरला अनुदान मिळतं, समिती बघते, दर्जा ठरवते, आणि नुसत्या अनुदानाकडे बघून काढलेले पिक्चर आपण सगळ्यांनी ऐकलेत, थिएटरला कधी लागले ते कोणाला आठवत नाही. तेव्हा समिती म्हणजे निःपक्षपाती हे मला पटवू नका.

आता माझ्याविरुद्धचा खरा मुद्दा. सरकारी पैसा म्हणजे सरकारचा हात. फेब्रुवारी २०२४ ला बर्लिनाले या बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाच्या समारोपात 'नो अदर लँड' या माहितीपटाला पुरस्कार मिळाला, बासेल आद्रा आणि युवाल अब्राहम, एक पॅलेस्टिनी आणि एक इस्रायली, स्टेजवर गाझाबद्दल आणि वेस्ट बँकबद्दल बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून बर्लिनच्या महापौरांसकट राजकारणी तुटून पडले की सरकारी पैशाच्या महोत्सवात हे चालणार नाही. तिथे बसून टाळ्या वाजवलेल्या सांस्कृतिक मंत्र्यांच्या वतीने खुलासा आला की टाळ्या फक्त इस्रायली दिग्दर्शकासाठी होत्या. हे वाचून मी पाच मिनिटं तसाच बसलो होतो. दोन माणसं एकाच स्टेजवर एकाच पिक्चरसाठी उभी आणि टाळ्यांची वाटणी. पुढे त्याच माहितीपटाला ऑस्कर मिळालं ते सोडा. तर हो, हा धोका आहे आणि तो खोटा नाही. दुसऱ्या टोकाला एएफडी हा कडवा उजवा पक्ष, त्यांना हे १८ युरोच बंद करायचेत. म्हणजे एक बाजू म्हणते पैसे आमचे म्हणून बोलणं पण आमचं, दुसरी म्हणते पैसेच नकोत. पण यावर उपाय म्हणून फी काढून टाकली तर काय होईल, महापौर गप्प बसतील का? ते तसेच बोलतील, फक्त समोर पिक्चर नसेल. उलट घराघरातून थेट येणारा पैसा हा मंत्रालयातून येणाऱ्या पैशापेक्षा बराच बरा, कारण तो दर बजेटला मंत्र्याकडे हात पसरून मागावा लागत नाही.

आणि शेवटी, या पैशाने नक्की विकत काय मिळतं? वेळ. मारेन आडे या दिग्दर्शिकेचा 'टोनी अर्डमान' घ्या, २०१६, दोन तास बेचाळीस मिनिटं, कानला समीक्षकांनी डोक्यावर घेतला आणि ज्युरीने एक बक्षीस दिलं नाही. बुखारेस्टमध्ये कन्सल्टन्सीत काम करणारी मुलगी आणि खोटे दात, खोटे केस लावून तिच्या मागे मागे येणारा म्हातारा बाप. त्यात एक सीन आहे, तिच्या वाढदिवसाला ऑफिसच्या लोकांना घरी बोलावलंय, ती घट्ट ड्रेस घालतेय, मागची चेन वर जात नाही, ती काट्याचा चमचा घेऊन त्याने चेन ओढायचा प्रयत्न करते, धडपड चालूच, बेल वाजते, आणि मग एका क्षणी तिचं ठरतं, ड्रेस उतरवते आणि तशीच जाऊन दार उघडते. कुठलीही समिती म्हणाली असती चेनचा सीन अर्धा करा. तो अर्धा केला तर पुढचं दार उघडणं नुसता चावटपणा होतो. ती चेन तेवढा वेळ अडकली पाहिजे, आपल्याला घाम फुटला पाहिजे, तेव्हा ते दार उघडणं म्हणजे त्या बाईने इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतलेला श्वास वाटतो. आडे हे करू शकली कारण कॉलेजात असतानाच मैत्रिणीबरोबर स्वतःची कंपनी काढली, पैसे सार्वजनिक होते पण कात्री तिच्या हातात होती.

हे सगळं मी मावसभावाला व्हॉइस नोटमध्ये सांगितलं, अकरा मिनिटांची झाली, त्याने ऐकली नाही. पण 'टीचर्स लाउंज' त्याच्या गळी उतरवला, त्याची मुलगी आता सहावीत आहे म्हणून. रात्री उशिरा मेसेज आला. "आमच्या शाळेतली पालकसभा सेम अशीच असते." मग पाच मिनिटांनी, "त्या बाईनेच घेतले होते का पैसे?" मी म्हटलं, तुला काय वाटतं. त्यावर बराच वेळ टायपिंग, टायपिंग, टायपिंग, आणि शेवटी आलं ते एवढंच, "तरी पण १८ युरो जास्तच आहेत."